यादीतली सर्वांत वरची ओळ

जिपार एजेंनी चोवीस वर्षं डोंगरातल्या नारिन शहरातल्या शाळेत गणित शिकवलं. मुलं त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणत, मग मुलांचे आईबाप म्हणायला लागले, आणि शेवटी गल्लीतल्या पावाच्या दुकानातली, त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी असलेली बाईसुद्धा. वह्या तपासायची त्यांची एक पद्धत होती. बरोबर उत्तरांवरून त्या झरकन पुढे जात आणि चुकलेल्या उत्तरापाशी थांबत. "आलं ते त्याला येतंच," त्या म्हणत. "अडलं कुठे, ते मला बघायचंय."

शाळेतले वर्ग कमी झाले तेव्हा एजे बावन्न वर्षांच्या होत्या. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मुलाने दूर ओश शहरात संसार थाटला होता. त्या हिवाळ्यात त्या खिडकीशी लोकर विंचरत बसल्या असताना बेगायिम दारात उभी राहिली. बेगायिम त्यांची जुनी विद्यार्थिनी. शाळेत असताना आकडेमोडीला भिऊन पोटदुखीचं सोंग करणारी ती मुलगी आता पावाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चार माणसांचं ऑफिस चालवत होती. लोकांना वेबसाइट तयार करून द्यायच्या, हे तिचं काम.

"एजे, माझ्याकडे कामाला या."

"काय करू? फरशी पुसू?"

"फरशी मी पुसते. तुम्ही प्रोग्रॅम लिहायचे."

"अगं, मला टीव्हीचं बटण सापडत नाही!"

"मला त्रैराशिक सापडत नव्हतं. तुम्ही सोडलंत का मला?"

एजेंनी लोकर गुंडाळून ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला जायला लागल्या. नणंदेने मात्र टोमणा मारलाच. "आता म्हातारपणी शिष्येकडून कान पिळून घ्या." एजे म्हणाल्या, "मी तिचे पिळले होते. फेड नको का व्हायला?"

शिकताना त्या पहिल्यांदा अडल्या त्या यादीपाशी. बेगायिमने पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, "फोनवर कुणी आपल्या साइटचा पत्ता टाकतं. साइटच्या नावापुढे तिरपी रेघ, रेघेपुढे एखादा शब्द. तो शब्द घेऊन प्रोग्रॅम ही यादी वरून खाली वाचत जातो. जी ओळ पहिल्यांदा जुळेल, तिच्यासमोर ज्या भागाचं नाव लिहिलंय त्याच्याकडे काम सोपवून मोकळा होतो."

"आणि खाली त्याहून नेमकी ओळ असली तर?"

"खाली बघतच नाही तो."

एजेंनी बोट फिरवत यादी वरून खाली वाचली. मग म्हणाल्या, "म्हणजे मेजवानीतले मेंढीचे वाटे."

"कसे?"

"कमरेचं हाड घरातल्या थोरल्या पुरुषाचं, माकडहाडाचा वाटा थोरल्या बाईचा. मानाचे वाटे ज्याचे त्याला आधी द्यायचे. बारीक चिरलेलं उरेल ते परातीत, ज्याच्या हाताला लागेल त्याचं. परात आधी फिरवली, तर आजोबांपुढे रिकामं ताट."

बेगायिम हसायला लागली. "सहा जणांना शिकवलं मी हे. प्रत्येकाला दोन-दोन दिवस लागले. तुम्हाला चहा निवायच्या आत कळलं."

पुढची दोन वर्षं एजेंनी ती यादी घरच्या फडताळासारखी सांभाळली. त्यांच्याकडे सगळ्यांत मोलाचं काम होतं ते घाटरस्त्यांच्या साइटचं. नारिनभोवतीच्या चौदा घाटांच्या माथ्यावर निळ्या पाट्या आहेत आणि प्रत्येक पाटीवर त्या घाटाचा शब्द रंगवलेला आहे. कारा-बेलच्या पाटीवर आहे 'जारदाम-कारा-बेल', म्हणजे कारा-बेलला मदत हवी. बर्फात अडकलेल्या माणसाने साइटच्या नावापुढे तेवढंच टाकायचं, की घाटाच्या पायथ्याशी बर्फ काढणाऱ्यांच्या खोलीत घंटा वाजते. घाटमाथ्यावरून फोनवर आवाज पोचत नाही, पण एवढा शब्द पोचतो.

नोव्हेंबरात जिल्ह्याच्या कचेरीतून नवं काम आलं. कुणीही साइटच्या नावापुढे आपल्या गावाचं नाव टाकावं आणि त्याला तिथली हवा दिसावी. गावं शेकड्यांनी, प्रत्येकाची वेगळी ओळ कोण लिहिणार? एजेंनी एकच ओळ लिहिली. रेघेपुढे कुठलाही एक शब्द येवो, त्याला गावाचं नाव समजायचं आणि हवेच्या पानाकडे धाडायचं. ती ओळ त्यांनी यादीत सर्वांत वर ठेवली.

का ठेवली, हे त्यांना नंतर कितीतरी वेळा स्वतःलाच विचारावं लागलं. खरं तर त्यांनी विचारच केला नव्हता. काम नवं होतं, कचेरीकडून आलेलं होतं. नवा पाहुणा आला की त्याला दारापासून लांब, सगळ्यांच्या वरच्या जागी बसवायचं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. हात आपोआप वर गेला. वाटे कसे करायचे हे ज्या बाईने दोन वर्षांपूर्वी चुटकीसरशी सांगितलं होतं, तिला त्या शुक्रवारी सकाळी फक्त पाहुण्याची जागा आठवली. चाळीस गावांची नावं टाकून बघितली, चाळीसही पानं नीट उघडली. बेगायिमने घाईत नजर टाकून होकार दिला आणि ती कामासाठी कोचकोरला निघून गेली.

दुपारी वारा फिरला.

चार वाजून दहा मिनिटांनी एजेंनी, रोजच्यासारख्या, न सापडलेल्या शब्दांच्या नोंदी उघडल्या. कुठली गावं आपल्याकडून राहिली, हे त्यांना बघायचं होतं. जुनीच सवय, चुकलेल्या उत्तरापाशी थांबायची. पहिल्या नोंदीत नाव होतं 'जारदाम-कारा-बेल'. वेळ तीन एकतीस. त्याखाली पुन्हा तेच. त्याखाली पुन्हा. अकरा वेळा.

शब्द घंटेकडे न जाता हवेच्या पानाकडे गेला होता, हे एजेंना कळलं. पण यादी त्यांनी नंतर उघडली, फोन आधी उचलला. बर्फ काढणाऱ्यांचा मुकादम ताशतान पलीकडे होता.

"ताशतान, कारा-बेलला कुणीतरी अडकलंय."

"कुणी नाही, एजे. घंटा वाजली नाही. आम्ही चहा पितोय."

"घंटा वाजायची नाही. मी तिची वाट अडवलीय. चहा ठेव खाली आणि निघ!"

"काय केलंय म्हणता?"

"नंतर बोल मला काय ते. आधी गाडी काढ!"

ताशतान निघाला. मग एजेंनी यादी उघडली, सर्वांत वरची ओळ उचलली आणि सर्वांत खाली नेऊन ठेवली. एवढंच काम. चार एकोणीसला खोलीतल्या माणसाचा फोन आला. "एजे, आता वाजली! कारा-बेलचीच!" घाटावरच्या माणसाने बाराव्यांदा शब्द टाकला होता.

पावणेसहाला ताशतानने कळवलं, की सगळे सुखरूप आहेत. गाडी शेयशेनची, नेहमी त्या रस्त्याला भाड्याने धावणारी. आत आयचुरेक नावाची एक बाळंतीण होती. चाळीस दिवस भरले म्हणून बाळाला घेऊन माहेरून सासरी चालली होती. बाळ सगळा वेळ झोपलं होतं. एजेंनी फोन ठेवला आणि कोचकोरला बेगायिमला फोन करून सगळं सांगितलं.

शनिवारी सकाळी त्यांनी बेगायिमच्या टेबलावर कागद ठेवला. बेगायिमने तो वाचला.

"'वयोमानामुळे काम सोडत आहे.' एजे, यात वयाने काय केलं? आणि तपासून होकार कोणी दिला होता? मी. मग मीही जाते. ऑफिस पाववाल्या बाई चालवतील."

"थट्टा करू नकोस. चाळीस दिवसांचं बाळ होतं त्या गाडीत."

"होतं. आणि सुखरूप आलं." बेगायिमने कागद बाजूला ठेवला. "शेयशेनदादांचा फोन आला होता. उद्या मेंढी कापतायत. जिपार एजेंनी वाचवलं, त्यांना घेऊनच ये, म्हणाले."

एजेंनी विचारलं, "त्यांना माहीत नाही?"

"ताशतान बोलला नाही. सांगायलाच पाहिजे असं काही नाही, एजे. चुकलेलं तुम्हीच शोधलंत, तुम्हीच सुधारलंत."

"जिचे आभार मानायचेत ती मी नव्हेच गं. हे माहीत असून त्यांच्या घरचा घास कसा गिळू?"

रविवारी दुपारी शेयशेनच्या घरी पंधरा-वीस माणसं जमली होती. तळलेल्या कणकेच्या बोरसोकचे ढीग, दुधाचा चहा, मुलांची धावपळ. एजेंना ओढून नेऊन सगळ्यांच्या वरच्या जागी बसवलं. त्या जागेवर त्यांना बसवेना. मांस आलं. ताशतानला कमरेचं हाड मिळालं, तो लाजून लाल झाला. मग शेयशेनची म्हातारी आई, जिला सगळे आपा म्हणत, स्वतः उठली आणि थोरल्या बाईचा वाटा दोन्ही हातांवर घेऊन एजेंसमोर आली.

"आपा, थांबा," एजे म्हणाल्या. "हा हातात घेण्याआधी मला बोलायचंय."

आपा वाटा हातांवर घेऊन थांबली.

"तुमच्या मुलाची हाक मी ऐकली म्हणून तुम्ही मला बोलावलंत. पण ती हाक अडवलीही मीच. यादीत नेमक्या मानकऱ्यांची नावं आधी लिहायची असतात. मी ज्याला-त्याला द्यायची परात आधी फिरवली. शेयशेनची हाक त्या परातीत गेली. एकोणचाळीस मिनिटं, मी न सापडलेल्या शब्दांच्या रोजच्या नोंदी वाचेपर्यंत, ती तिथेच पडून होती."

सगळ्यांना कळलं. त्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

शेयशेनने कपाळाला हात लावला. "तरीच! एजे, मी बर्फात बसून शब्द टाकतोय आणि फोन मला सांगतोय, या नावाचं गाव सापडलं नाही, शेजारच्या गावांची हवा बघा! अरे, हवाच बघतोय मी! काचेबाहेर दुसरं काही दिसतच नाही!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दोघे-तिघे. आयचुरेक हसली नाही. बाळाला मांडीवर नीट घेत ती म्हणाली, "मला राग आलाय, एजे. खोटं कशाला बोलू? मी त्या गाडीत याच्या पायांवर श्वास सोडत बसले होते."

"यायलाच हवा राग," एजे म्हणाल्या.

"पण चुकलेल्या उत्तरांच्या नोंदी रोज कोण वाचतं? माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात तर कुणी वाचत नाही. तुम्ही वाचल्यात." तिने बाळाच्या डोक्यावरची टोपी सारखी केली. "मी एवढंच म्हणते."

आपा अजून तशीच उभी होती, वाटा हातांवर घेऊन. ती मुलाकडे वळली. "आणि तू रे, चाकांना साखळ्या का लावल्या नव्हत्यास, ते सांग की सगळ्यांसमोर! एजे सांगतायत आपली चूक, तू खाली मान घालून मांस काय चावतोयस?" शेयशेन ठसकला. मग आपाने तो वाटा एजेंच्या ताटात ठेवला. "घे गं मुली. माझे हात दुखले. गार मांस मी कुणाला वाढत नाही."

एजेंनी वाटा घेतला. डोळे पुसले, आणि खाल्लंही. जेवणानंतरची दुआ म्हणून सगळ्यांनी ओंजळी चेहऱ्यावरून फिरवल्या तेव्हा त्यांनी देवाकडे काही मागितलं नाही, नुसती एकेकाची नावं घेतली. बेगायिम, ताशतान, शेयशेन, आपा, आयचुरेक. बाळाचं नाव विचारायचं राहून गेलं होतं, ते त्यांनी निघताना दारात विचारून घेतलं. बाळाचं नाव उमुत, म्हणजे आशा.

सोमवारी बेगायिमने तो राजीनामा परत दिला. एजेंनी कागद वाया घालवला नाही. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर चौदा पाट्यांवरचे चौदा शब्द ओळीने लिहिले आणि भिंतीला चिकटवले. यादीत एका अक्षराचा बदल झाला, तरी आधी ते चौदा शब्द टाकून बघायचे. बदल झाला नसला तरी रोज सकाळी नऊला बघायचे. कारा-बेल सर्वांत आधी.

आठवड्याने ताशतानचा फोन आला. "एजे, रोज नऊला घंटा वाजते. पोरं दचकून उठतात."

"त्रास होतो का रे? दुसरी वेळ ठरवू."

"नको, नको. नऊच असू द्या. तुमची घंटा वाजली की आम्ही चहाला आधण ठेवतो."