आबांच्या हातचे आकडे

मी काय शिकते हे गावात कुणाला धड सांगता यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. "कंप्युटरला वाचायला शिकवते," एवढं म्हणून मी सुटका करून घ्यायचे. त्यावर आमच्या काकीने एकदा विचारलं, "आणि तो शिकला की मग तू काय करनार गो?" सगळे हसले, मीही हसले. पुढे जन्मभर हेच काम केलं, पण काकीला द्यायचं उत्तर काही सापडलं नाही.

आमचं गाव किन्हवलीच्या अलीकडचं. नव्वदीच्या शेवटी शहापूरच्या कॉलेजातून मी मुंबईच्या एका संस्थेत गेले आणि दोन हजार सालानंतर तिथेच पीएचडीला लागले. हाताने लिहिलेले मराठी आकडे यंत्राला ओळखता यावेत, हा माझा विषय. ऐकायला काय, पोरखेळ वाटतो. पण माणसागणिक आकडा बदलतो. कुणाचा पाच पोट काढून उभा राहतो, कुणाचा नऊ आडवा लोळतो. यंत्राला या सगळ्या तऱ्हा दाखवाव्या लागतात, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. संस्थेतल्या मुलांनी लिहून दिलं, पण ती सगळी शाळेत घोटून घेतलेली वळणं. माझे मार्गदर्शक, म्हणजे आमचे सर, म्हणाले, "क्वचित पेन धरणारी माणसं हवीत. तू गावची ना? आण की तिकडून."

ते चारचौघांत "गावची" म्हणाले तेव्हा माझी कानशिलं तापली. तोवर मी सगळ्यांना "कल्याणच्या थोडं पुढे" असंच सांगत आले होते.

आबा म्हणजे माझे वडील. भातशेती, दोन बैल आणि जुनी सातवी. पण अक्षर! मोत्यासारखं म्हणतात ना, ते पाहायचं तर आबांचं पाहावं. गावाबाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्याच हातून जायचा. तहसीलदाराला अर्ज, भिवंडीला कामाला गेलेल्या मुलाला पत्र, लग्नपत्रिकेवरची नावं. ज्याचा कागद तो समोर बसून बोलायचा, आबा लिहायचे, वाचून दाखवायचे, आणि तो मान डोलवायचा. यात कुणाला कमीपणा वाटत नसे. आपले केस आपण कापत नाही, तसंच ते.

भाताची झोडणी उरकल्यावर मी कागदांचा गठ्ठा घेऊन घरी गेले. कागदावर चौकोन, चौकोनात शून्यापासून नऊपर्यंत आकडे लिहायचे, वर ज्याचं त्याचं नाव. "प्रत्येकाचा कागद प्रत्येकाच्या नावाने, आबा," मी सांगितलं आणि पिशवी उचलली. परतीची एसटी गाठायची होती. का, कशाला, ते सांगायला मी थांबलेच नाही. थोडे कागद मुरबाडकडे मामाला दिले.

महिन्याभराने गठ्ठा परत आला. एक चौकोन रिकामा नाही, एक डाग नाही. मला तिथेच शंका यायला हवी होती. पण कप्पाळ माझं! मी गठ्ठा जसाच्या तसा स्कॅनरच्या खोलीत दिला आणि पुढचे दिवस पडद्यावरचे निकाल तेवढे बघत बसले. निकालही असे, की मी हरखूनच गेले. अर्ध्या कागदांवर यंत्र शिकलं आणि उरलेले अर्धे त्याने घडाघडा वाचले, जवळपास एकही चूक नाही. संस्थेतल्या मुलांच्या कागदांवर तेच यंत्र अडखळत होतं. मी तरंगतच सरांच्या खोलीत गेले.

सर खूश झाले नाहीत. त्यांनी गठ्ठा मागवला, मधूनच काही कागद ओढले आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले. "हे एकाच माणसाने लिहिलंय," ते म्हणाले. "घरी बसून तूच लिहिलंस?"

मी वाकून पाहिलं. नऊच्या शेपटीला शेवटी एक हलकी गिरकी. पहिलीत पाटीवर माझा हात धरून आबांनी गिरवून घेतलेला तोच नऊ. किन्हवलीचे काय आणि मुरबाडचे काय, सगळे कागद त्याच हातचे. मामानेही आपले कागद माणसांसकट आबांसमोर नेऊन ठेवले होते, बाहेर जाणारा कागद म्हटल्यावर दुसरीकडे कुठे नेणार? यंत्राला माझ्या बापाचं अक्षर पाठ झालं होतं आणि मला ते ओळखूही आलं नव्हतं.

"मी नाही लिहिलं, सर," एवढंच मी म्हणू शकले. मग कुणी, असं त्यांनी विचारलं. माझ्या वडिलांनी, हे काही तोंडून निघेना. बापाला खोट्या कागदाचा कारागीर म्हणून उभं करायचं, आणि वर आमच्याकडची माणसं आपल्या हाताने लिहायला लाजतात हेही सांगायचं? सर म्हणाले, फेलोशिप समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत खरे कागद आण, नाहीतर फेलोशिप थांबवा असं मला लिहून द्यावं लागेल. फेलोशिपच्या पैशांवरच मी मुंबईत राहत होते, ती थांबली असती तर मी कायमची गावी परतले असते. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

लोकलमधून आसनगावला उतरून एसटीने घरी पोचेपर्यंत माझा राग नाकाच्या शेंड्यावर आला होता. आबा ओटीवर काथ्या वळत बसले होते. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "आबा, हे काय करून ठेवलंत? सर मला खोटी म्हणाले!"

"खोटं?" आबांचा हात थांबला. "खोटं काय हाय त्यात? एकेकाला समोर बसवून लिवलंय मी. समोर मानूस नसताना एक आकडा काढला नाय."

अरे देवा! मी समजावून सांगितलं, यंत्राला ज्याचा त्याचा हात हवाय, वाकडातिकडा असला तर आणखी चांगला. आबांनी ऐकून घेतलं. अर्धवट वळलेला काथ्या बाजूला ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे माजं चालत नाय."

"तसं नाही हो, आबा," मी म्हटलं. पण तसंच तर होतं.

दुसऱ्या दिवशी माणसं ओटीवर जमली. काकी पदर तोंडात धरून, दुसऱ्या हाताने कागद झाकून लिहीत होती. मी म्हटलं, लपवता कशाला? तर म्हणाली, "वाकडं बघून तुजे सायब हसतील, न् तुला खाली बघाय लागंल. म्हनून तर आमी आबांकडनं घेतलं लिवून." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला कुणाच्या तोंडाकडे बघवेना. मला त्यांची लाज वाटते असं मी कधी बोलले नव्हते. संस्थेतल्या मैत्रिणी घरी यायचं म्हणत तेव्हा "लांब आहे गं" म्हणून टाळायचे, तेवढंच. पण न बोलता गावाला सगळं कळलं होतं, आणि त्यांनी ते वाईट वाटून न घेता माझी अब्रू राखायची सोय करून टाकली होती.

लिहिता लिहिता एकाने सवयीने पेन आबांपुढे केलं. आबांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"तुमचाही एक द्या, आबा," मी निघताना म्हटलं. त्यांनी घडी घातलेला कागद माझ्या पिशवीत सरकवला. एसटीत बसल्यावर मी तो उघडला. आकडे थरथरलेले, चौकोनाबाहेर सांडलेले, पाच कुठे, आठ कुठे. नऊच्या शेपटीला गिरकी नव्हती. आबांनी तो डाव्या हाताने लिहिला होता. शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं गो? रडतेस कशाला?"

खरं तर तो कागद मी काढून टाकायला हवा होता. साऱ्या गठ्ठ्यात खोटा तेवढा तोच. पण माझ्याने काढवेना.

बैठकीच्या आधी सरांनी गठ्ठा चाळला. या वेळी त्यांचा चेहरा उजळला. चाळता चाळता थांबून, वरचं नाव न वाचताच, त्यांनी नेमका तोच कागद उचलला आणि खोलीतल्या सगळ्यांना दाखवला. "हा बघा, याला म्हणतात खरा नमुना. हा बिचारा कधी शाळेची पायरी चढला नसेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काय?"

"नसेल, सर," मी म्हणाले.

फेलोशिप वाचली. त्या संध्याकाळी मी गावातल्या दुकानात फोन केला. आबांना बोलावून आणायला वेळ लागला. आल्या आल्या त्यांनी धापा टाकतच विचारलं, "माजा कागद चालला का गो?"

"चालला, आबा. सरांनी तुमचाच हातात घेतला."

"काय म्हनाले?"

"चांगला म्हणाले."

फोन तसाच कानाशी धरून आबा दुकानातल्या माणसांना मोठ्याने सांगत असलेले मला ऐकू आले, "आयकलंत का? पोरीच्या सायबांना माजं अक्षर आवडलं!"