आजीचे मालक आणि वाण्याची मापं

कमरेला वाण्याची लोखंडी मापं बांधून मी बारवेच्या पायरीवर उभा होतो. मागून आजी म्हणाली, “बिगीनं काढ रं लेकरा. त्येस्नी पवाय येत न्हवतं.”

‘त्ये’ म्हणजे आजीचे मालक. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करतात. अंगठ्याएवढ्या चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली मूर्ती. तो देव्हाऱ्यात बसतो. परवा सून शालन देव घासायला बारवेवर आली आणि सासरेबुवा हातातून निसटून वीस फूट पाण्यात गेले. गावचे पट्टीचे पोहणारे बुड्या मारून थकले. आजीनं अन्न सोडलं. शालननं बोलणं सोडलं.

सत्तरच्या दशकात मी धरणाच्या दारांची पाण्याखालून तपासणी करायचो. विद्या स्वस्तातली. जहाजावरची नोकरी सुटल्यावर पाठीला पिशवी अडकवून लंकेत भटकलो, कोळ्याच्या पडवीत झोपून डायव्हिंग शिकलो आणि जुना मास्क, जुना सिलिंडर घेऊन साताऱ्याला परतलो. माणूस तरंगतो, तळाशी राहायला वजन लागतं. शिशाचा वेट-बेल्ट परवडत नव्हता, म्हणून ही वाण्याच्या तराजूची मापं.

आजीचा निरोप आला आणि मी दुष्काळी माण तालुक्याची एसटी धरली. कंडक्टरनं सिलिंडरवर टिचकी मारली. “काय हाय ह्यात?”

“हवा.”

“माणात हवा कशाला न्हेताय? पानी न्ह्या की!”

टाकाला हात लावायचा, म्हणून आजीनं मला आधी आंघोळ घातली. आंघोळ करून पाण्यात उतरलेला डायव्हर मी एकटाच असेन.

दोराचं टोक शालनच्या हाती दिलं. “ताई, एक झटका म्हणजे ठीक. दोन म्हणजे वर ओढा.”

“माज्या हातावर भरवसा ठेवताय, दादा?” परवापासून ती पहिल्यांदाच बोलली.

“जीव बांधलाय दोराला. ठेवायलाच पाहिजे.”

तळाशी गाळ उठला, डोळे निकामी झाले. बोटांनी चाचपत राहिलो. खापरं, बादलीची कडी, आणि मग मूर्ती! आनंदानं सवयीप्रमाणे टाक कपाळाला लावायला गेलो. मास्कच्या काचेवर टक्क! आजोबा पुन्हा गाळात.

स्वतःला दिलेल्या शिव्या बुडबुडे होऊन वर गेल्या. श्वास ओढायला जड जाऊ लागला. म्हणजे हवा संपत आली. दोन झटके द्यायला हवे होते. दिला एक. पुन्हा चाचपलं. सापडले! या वेळी नमस्कार नाही, थेट मुठीत. मग दोन झटके. शालननं असं ओढलं की मापांसकट मी पायरीवर.

आजीनं टाक पदरानं पुसला. “इतका येळ?”

“आधीच सापडले होते. पाया पडायला गेलो आणि सुटले.”

शालनचा चेहरा पांढरा. मग आजी खुदकन हसली. “जित्तेपनीबी पाया पडाय गेलं की उठून जायाचं!” आणि सुनेकडं वळली. “पोरी, तूबी पायाच पडाय गेलतीस, व्हय ना?”

शालननं मान हलवली आणि परवापासूनचं रडू तिथंच फुटलं.

“रडतीस काय? भाकरी आन. भूक लागलीया.”

तेव्हापासून माझा नियम आहे. पाण्याखाली वस्तू सापडली की आधी घट्ट धरावी. नमस्कार कोरड्यावर.