मालकाचा रकाना

भोरला आम्ही बिऱ्हाड केलं तेव्हा महायुद्ध चालू होतं. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या आधीच्या मास्तरांची बदली झाली आणि जाताना ते आपली जागा आम्हाला देऊन गेले. नदीच्या बाजूचं कौलारू घर, समोर ओसरी, अलीकडे दोन खोल्या, पलीकडे एक. मास्तरांनी आमच्या हातात किल्ली ठेवली आणि सांगितलं, "भाडं महिन्याच्या महिन्याला पलीकडच्या बाईंना देत जा. फार भल्या आहेत."

पलीकडच्या बाई साठीच्या घरातल्या, काटक, एकट्या. मी त्यांना मावशी म्हणू लागले. पहिल्याच सकाळी दार उघडलं तर आमच्या दारापुढचं अंगण सारवून वर रांगोळीही काढलेली. परसात पाणी भरून ठेवलेलं. मी यजमानांना म्हटलं, "अहो, घरमालकीण असावी तर अशी." माझं माहेर वाईचं. तिथे आमचे घरमालक भिंतीत खिळा ठोकायलासुद्धा वडिलांना परवानगी मागायला लावत. त्यामुळे मावशींचं मला फारच अप्रूप वाटायचं. त्यांनी भाकरी टाकली की एक आमच्याकडे यायची, मी काही गोडधोड केलं की वाटी त्यांच्याकडे जायची. संध्याकाळी त्या विचारायच्या, "मालक आलं का वैनी?" नवऱ्याला मालक म्हणायची तिकडे रीतच आहे. त्यात मला वेगळं काही वाटायचं कारण नव्हतं.

अशी दोन वर्षं गेली. लढाईमुळे पुण्या-मुंबईकडची माणसं गावात येऊन राहू लागली होती, जागा मिळेना, भाडी वाढायला लागली. मग एके दिवशी संस्थानची दवंडी फिरली. ज्या घरमालकानं जागा भाड्यानं दिली असेल त्यानं कचेरीत येऊन नोंद करावी. खोल्या किती, राहतं कोण, भाडं काय, सगळं सांगावं. ती नोंद कोणालाही बघता येईल.

गावात गडबड उडाली. कोणी म्हणे घरपट्टी वाढणार, कोणी म्हणे नोंदलेली घरं लष्कराला देणार. यजमान मावशींना धीर द्यायला ओसरीवर गेले. मी दारात उभी होते.

"मावशी, घाबरायचं कारण नाही. मी येतो तुमच्याबरोबर कचेरीत."

"म्या कशाला कचेरीत?"

"घराची नोंद करायला. मालकानंच करायची आहे."

"मंग तुमी जावा की."

"मी जाऊन काय करू? मी भाडेकरू."

मावशी हसायला लागल्या. मग यजमान हसत नाहीत असं बघून त्याही थांबल्या. "मास्तर, गरिबाची चेष्टा नका करू. घर तुमचं, किल्ली तुमच्याकडं."

"मग आम्ही तुम्हाला दर महिन्याला भाडं देतो ते?"

"भाडं? अवो, तो माजा पगार न्हवं का? सारवते, झाडते, पानी भरते, त्याचा."

यजमान माझ्याकडे बघू लागले. मी मावशींकडे. मला वाटलं, बाईंना वयामुळे भ्रम झाला असावा. पण त्यांच्या चेहऱ्यावरही अगदी तोच भाव होता, जणू आम्हा दोघांनाच काहीतरी झालंय.

मग बसून एकेक गोष्ट विचारली. घराचे खरे मालक पालीचे, राजगडाखालचे. घर राखायला म्हणून त्यांनी तिकडूनच मावशींच्या नवऱ्याला आणून ठेवलं होतं. पुढे मालकांचं येणं थांबलं. मावशींचा नवराही वारला. त्या तशाच राहिल्या, कोणी जा म्हटलं नाही म्हणून. मग एक दिवस आधीचे मास्तर आले आणि त्यांनी किल्लीनं कुलूप उघडलं. मावशी समजल्या, मालकांचाच माणूस. मास्तरांनी पैसे पुढे केले, त्या समजल्या पगार. मास्तर गेले, आम्ही आलो, त्या समजल्या घर विकलं. त्या मास्तरांना किल्ली कोणी दिली हे आम्हाला कधीच कळलं नाही.

"म्हणजे माझं अंगण तुम्ही मायेनं सारवत नव्हता," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं कोण जाणे.

"माया बी व्हती की," मावशी गोऱ्यामोऱ्या होऊन म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिघंही कचेरीत गेलो. कारकुनानं मालकाचं नाव विचारलं. यजमानांनी मावशींकडे बोट दाखवलं, मावशींनी यजमानांकडे. कारकुनानं टाक खाली ठेवला. "एका घरावर तीन भाऊ भांडत आलेले बघतोय मी सकाळपासून. तुम्ही दोघं मला नकोच म्हणता? जा, खरा मालक घेऊन या."

तेव्हा पालीला जायचं ठरलं. मला घरी बसवेना, मीही निघाले. नसरापूरपर्यंत कोळशावरची मोटार, लढाईत पेट्रोल कुठलं मिळायला, आणि पुढे बैलगाडी. मावशी माहेराला निघाल्यासारख्या खूश होत्या. आता मालक भेटतील, सगळं ठरून जाईल असं त्या परत परत म्हणत होत्या.

मालक कधीच वारले होते. त्यांचा मुलगा खळ्यावर भात झोडत होता. पन्नाशीचा गृहस्थ. त्यानं यजमानांचा कोट आणि टोपी बघितली आणि हातातली पेंढी तशीच धरून उभा राहिला.

"भोरात घर? आमचं? न्हाई बा."

"आसं काय म्हनता?" मावशी पुढे झाल्या. "तुमच्या वडलांनी माज्या धन्याला हितनंच न्हेलं."

"न्हेलं आसंल. घर आमचं न्हाई. सरकारात नाव लागलं की लष्कर येतंय म्हनं."

यजमानांनी परोपरीनं सांगितलं की असं काही नाही. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मंग तुमीच लावा की तुमचं नाव." त्याच्या बायकोनं आम्हाला पोटभर जेवू घातलं. निघताना त्यानं मावशींच्या ओच्यात नवे तांदूळ घातले. मालक नसलेला माणूस आमच्या मावशींना मालकासारखे तांदूळ का देतो, हे मला परतीच्या वाटेवर उलगडेना.

पुन्हा कचेरीत गेलो तेव्हा कारकुनानं शेवटी एवढंच विचारलं, "राहतं कोण कधीपासून?" आणि सगळ्यात जुन्या म्हणून मालकाच्या रकान्यात मावशींचं नाव घातलं.

"खोडा ते," मावशी रडकुंडीला आल्या. "माजं न्हाई ते घर."

"आता आहे," कारकून म्हणाला.

त्यानंतरचे दिवस फार अवघड गेले. मावशींनी सारवायचं की नाही? घरमालकिणीनं भाडेकरूचं अंगण का सारवावं? मी स्वतःच शेणाची बादली घेतली. मला ते नीट जमेना, आणि मावशींना उंबऱ्यावर बसून ते बघवेना. चार-आठ दिवसांनी त्यांनी माझ्या हातातून बादली ओढून घेतली. यजमानांनी पैसे पुढे केले की त्या विचारायच्या, "ह्ये भाडं का पगार?" यजमान म्हणायचे, "तुम्हाला हवं ते समजा." त्यावर त्या आणखीच गोंधळायच्या. मला वैनी म्हणताना त्या अडखळायच्या, त्यांना मावशी म्हणताना माझीही जीभ अडखळायची.

लढाई संपली. पुढे संस्थानही विलीन झालं. लष्कर काही आलं नाही. मग पालीचा तो गृहस्थ एका बाजारच्या दिवशी दारात हजर झाला. "घर आमचं हाय," तो खाली बघत म्हणाला.

मावशींचा चेहरा उजळला. "व्हय! तुमचंच हाय!" दोघं तशीच कचेरीत गेली. यजमानही गेले. नव्या साहेबांनी कागद काढून बघितला आणि मावशींनाच झापलं. "बाई, स्वतःचं घर असं देऊन टाकतात? याने दमदाटी केली का तुम्हाला?" मावशी शपथा घेऊन सांगत होत्या, साहेब त्या गृहस्थाकडे संशयानं बघत होते. तो बिचारा कसाबसा तिथून सुटला. नोंद तशीच राहिली.

त्यानं पुन्हा काही मागितलं नाही. अर्ज, वकील असलं काही त्याला करायचं नव्हतं. पण बाजाराला आला की तो घरी यायचा. त्यानंतर पहिल्यांदा आला तेव्हा ओसरीच्या पायरीपाशी उभाच राहिला. मावशीही पदर सावरत उभ्या. कोणी कोणाला बसा म्हणायचं हेच दोघांना कळेना. बराच वेळ झाला तशी मी आतून घोंगडी आणून अंथरली आणि म्हटलं, "बसा." मग दोघंही बसली.