मेव्हण्याने बसवलेलं इंजिन

त्या गॅरेजात येणारा प्रत्येक जण त्याला मेव्हणा म्हणायचा. गॅरेज त्याच्या दाजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. शाळेत गटांगळ्या खाऊन हा त्यांच्या हाताखाली आला, तेव्हा दाजींनी सगळ्यांना बजावलं होतं, "हा माझा मेव्हणा. याच्यावर कुणी ओरडायचं नाही. त्याला मी आहे." झालं, तेव्हापासून तो अख्ख्या बाजाराचा मेव्हणा झाला. पुढे त्याचे केस पिकले तरी ते नाव काही सुटलं नाही.

दाजी बोलघेवडे. हात गाडीच्या पोटात आणि तोंड जगाच्या कारभारात. असा माणूस एका सकाळी आंघोळीला गेला आणि बाहेर आला तो ताईच्या खांद्यावर. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला, 'बरं'. भूक लागली तरी बरं, डास चावला तरी बरं. चिडले की तेच बरं मोठ्याने, एवढाच काय तो फरक.

"जन्मभर माझं एक म्हणणं पटलं नाही यांना," ताई म्हणायची. "आता बघ, सगळ्यालाच बरं." हसता हसता ती तोंड फिरवायची.

हाताच्या व्यायामात खंड पडू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. व्यायामाचं केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बसच्या पायऱ्या दाजींना चढवेनात, म्हणून ताई त्यांची जुनी मोटार चालवत न्यायची. नेमकं त्या मोटारीच्या इंजिनानेच मान टाकली.

"दुसरं बसवतो," मेव्हणा म्हणाला. "तू कशाला काळजी करतेस? मी काय मेलोय?"

मागून ठोकर बसून भंगारात गेलेल्या एका गाडीचं इंजिन त्याने शोधून आणलं. हाताने फिरवून पाहिलं, प्रत्येक सिलिंडरचा दाब तपासला. सगळं ठीक वाटलं. इंजिन साखळीला लटकलेलं असताना दाजी गॅरेजातल्या खुर्चीतून डावा हात नाचवत ओरडायला लागले, "बरं! बरं! बरं!"

"किती खूश झालेत बघ," ताई म्हणाली. मेव्हण्यालाही भरून आलं. त्याने त्यांच्याकडे बघून अंगठा दाखवला आणि इंजिन हळूहळू खाली उतरवलं. दाजींनी हात मांडीवर आपटला आणि मान वळवली.

थोडेच दिवस गेले आणि मोटार पाणी प्यायला लागली. मागून पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे. ऑइलची कांडी ओढून पाहिली तर तिला दुधासारखा फेस. इंजिनाचं झाकण, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट गेलं होतं. मेव्हण्याने बॅटरी लावून सांध्यावर उजेड पाडला, आणि मागच्या अंगाला, गाडीत वाकल्याशिवाय दिसणारच नाही अशा जागी, त्याला लाल पेस्टची बारीक रेघ दिसली. म्हणजे हे इंजिन आधीच कुणीतरी उघडलं होतं आणि पेस्ट चोपडून कसंबसं बंद केलं होतं.

साखळीला लटकलेलं असताना ती बाजू दाजींच्या खुर्चीकडे होती.

तो तिथेच बोनेटला टेकून उभा राहिला. दाजी त्याच्याकडेच पाहत होते. "तुम्ही हेच सांगत होतात ना?" त्याने विचारलं.

"बरं," दाजी हळूच म्हणाले.

त्याने हेड उतरवलं. मधल्या दोन सिलिंडरांच्या मध्ये गॅस्केट जळून कोळसा झालं होतं. हेड त्याने लेथवर नेऊन सपाट करून आणलं. ब्लॉक घासूनपुसून त्यावर सरळपट्टी आडवी धरली, तर पट्टीखालून उजेडाची एक फट दिसली. केसाएवढीच, पण दिसली. ब्लॉकही तापून वाकला होता. तो सपाट करायचा तर इंजिन पुन्हा बाहेर काढून पार सुटं करायला हवं, आणि ते मशीन जवळपास कुठे नव्हतं. इकडे व्यायाम बुडत चालला होता. दाजींची बोटं मुठीत वळायला लागली होती. ताई ती रोज कोमट पाण्यात धरून एकेक उलगडायची, आणि ती पुन्हा मिटायची.

त्याने नवं गॅस्केट दाजींच्या मांडीवर ठेवलं. "दाजी, एवढ्यावर भागेल का? भागत असेल तर हात वर करा."

दाजींचा डावा हात अर्ध्यापर्यंत वर आला, थरथरला आणि खाली पडला. हात नाही म्हणाला की दमला, हे मेव्हण्याला काही केल्या कळेना. "पुन्हा एकदा, दाजी." दाजींचे डोळे पाण्याने भरले. मग त्याने विचारणंच सोडलं आणि गॅस्केट बसवलं. बोल्ट आवळायचा क्रम दाजींनी शिकवला होता तसाच, मधून सुरुवात करत बाहेर, दमादमाने. त्यात त्याने काही कमी केलं नाही.

मोटार सुरू झाली. बुडबुडे थांबले होते. मधले काही आठवडे फार चांगले गेले. दाजींचा अंगठा हलायला लागला म्हणून ताईने गॅरेजात येऊन सगळ्यांना सांगितलं. मेव्हणा तेव्हा हसला, पण ताईचा फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचा.

तो फोन शेवटी आलाच. केंद्राच्या अलीकडच्या चढावर मोटार उकळून बंद पडली होती. तो गिऱ्हाइकाची जीप मागून घेऊन पोचला. बोनेट वाफेने भरलं होतं. थंड झाल्यावर पाहिलं तर या वेळी ब्लॉकलाच तडा गेला होता. इथे गॅस्केट बदलून काही होणार नव्हतं.

"ताई, माझंच..."

"तू काय देव आहेस?" ताई म्हणाली. "दोर बांध. हे उन्हात बसलेत."

ती चिडली असती तर त्याला सोसलं असतं. त्याने दोर बांधला आणि जीप अगदी हळू काढली. चढावर वळायला जागा नव्हती, पुढे जाऊनच माघारी वळायचं होतं. आरशात मागची मोटार दिसत होती. ताई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून दोराचा ताण सांभाळत होती. शेजारी दाजी काहीतरी बोलत होते, ओठ सारखे हलत होते. त्याच्यापर्यंत काहीच ऐकू येत नव्हतं. व्यायामाचं केंद्र डाव्या हाताला आलं आणि मागे गेलं. भर चढावर, दोराला मोटार बांधलेली असताना मध्येच थांबता येण्यासारखं नव्हतं.