सगळ्याच नळ्या खराब दिसतात

"उजेड अडवू नकोस, सरक," असं म्हणत सर रायफलची नळी खिडकीकडे धरायचे, डावा डोळा मिटायचे आणि तोंड उघडं टाकून आत बघत राहायचे.

नौपाड्यातल्या आमच्या नेमबाजी क्लबमधली ही रोजची पूजा. माजिवड्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले सर आम्हाला शिकवायचे आणि रायफलींची निगाही राखायचे. नळी बिघडली अशी तक्रार आली की त्यांचा एकच प्रश्न, "गोळी कुठे लागते? कागद आण." निशाण्याचा कागद पाहिल्याशिवाय त्यांनी कुठल्याच नळीला दोष दिला नाही. असा एखादा हट्टी माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

पुढे त्यांचे डोळे दगा द्यायला लागले, तेव्हा नळीत घालायचा कॅमेरा घ्यायचं ठरलं. परदेशी कॅमेऱ्याची किंमत ऐकून कमिटी पाणी प्यायला उठली. मग स्वस्तातला शोधायचं काम सरांनी अंगावर घेतलं आणि मलाही ओढलं. त्यांच्या कापडी पिशवीत जुन्या नळीचा वीतभर तुकडा असायचा. स्टेशनजवळच्या दुकानात त्यांनी तो सरळ काउंटरवर ठेवला.

"यात जाईल असा कॅमेरा दाखवा."

"काका, ये बंदूक का है क्या? मेरे को लफडा नहीं मंगता."

"अहो, नुसता पाइप समजा ना!"

गटारं तपासायचे कॅमेरे नळीत शिरेनात. एक शिरला, पण त्याला फक्त समोरचं दिसायचं. "समोर काय बघायचंय? भिंती दिसल्या पाहिजेत," म्हणत सरांनी तोही परत केला. बरीच पायपीट झाल्यावर एक बारीक कॅमेरा सापडला. टोकाला तिरका आरसा, फोनला जोडायची सोय आणि किंमत कमिटीला झेपेल अशी. परतताना रिक्षात सरांनी तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

पहिल्याच दिवशी क्लबमध्ये रडारड. स्क्रीनवर कोरी करकरीत नळीसुद्धा खड्ड्यांनी भरलेल्या घोडबंदर रोडसारखी दिसत होती. एक जण तर नवी नळी मागवायला निघाला. सरांनी त्याचा कागद मागितला. सगळ्या गोळ्या मधोमध.

"मग? अरे, कॅमेऱ्यात सगळ्याच नळ्या खराब दिसतात!"

ते खरंच होतं. आम्ही ते वाक्य आधार कार्डावरच्या फोटोंपर्यंत कशालाही लावू लागलो.

नंतर सरांनी क्लबमधला वडा सोडला. चहात खारी बुडवून, तीही हळूहळू गिळायचे. काकूंनी त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. तिथे घशातून कॅमेरा घातला. अन्ननलिकेत काहीतरी दिसलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या थांबवून पुढच्या आठवड्यात या, तुकडा काढून तपासू, असं डॉक्टर म्हणाले. सर गेलेच नाहीत. उलट ते फोटो क्लबमध्ये आणून आम्हाला दाखवले. "बघा, ही माझी नळी. कॅमेऱ्यात सगळ्याच..."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

"सर, पण घास अडकतो ना? तुम्हीच विचारता, गोळी कुठे लागते म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसू मावळलं. "वयाने घसा कोरडा पडतो गं," म्हणाले आणि रायफल पुसायला घेतली. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. आजही येतो. दुसऱ्याच्या नळीला जो न्याय, तो या माणसाने स्वतःच्या घशाला दिला नाही.

गणपतीत टाळलं, दिवाळीत टाळलं. पाणीसुद्धा उतरेना तेव्हा डॉक्टरांकडे गेले. तोवर उशीर झाला होता.

मी त्यांना शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्यांचा आवाज गेला होता. त्यांनी खुंटीवरच्या पिशवीकडे बोट दाखवलं. काकूंनी नळीचा तो तुकडा हातात दिला. सरांनी तो कसाबसा खिडकीकडे धरला, डावा डोळा मिटला. मी उजेडात उभी होते. त्यांना सांगावं लागू नये म्हणून आपणच बाजूला सरकले.

कॅमेरा अजून क्लबमध्ये आहे. ते वाक्य मात्र आता कुणी उच्चारत नाही. परवा एक नवी मुलगी स्क्रीन बघून घाबरली. "मॅडम, माझी नळी गेली वाटतं."

"गोळी कुठे लागते? कागद आण," मी म्हटलं.

ती कागद आणायला धावली. मी खिडकीसमोर उभी होते. सवयीने सरकून उजेड मोकळा केला. तिथे बघणारं कुणी नव्हतं.