तिसऱ्यांदा जळकोट

लातूरहून नांदेडला येताना बसमध्ये बायको शेजारच्या म्हातारीला आमच्या लग्नाची गोष्ट सांगत होती. ही गोष्ट ती कुणालाही सांगते. दरवेळी मी खिडकीबाहेर बघतो. बोलणं मला तसंही जमत नाही, त्यात हे तर बोलायचंच नव्हतं.

आम्ही दोघं नांदेडच्या एका कॉलेजात. ती रसायनशास्त्र शिकवायची, मी कॉम्प्युटर. परीक्षेला बाहेरगावच्या केंद्रांवर कॉपी रोखायला बैठं पथक जायचं, एक सर आणि एक मॅडम. कोण कुणाबरोबर आणि कुठं, हे स्टीलच्या डब्यातल्या चिठ्ठ्या ठरवायच्या. पण मर्जीतल्यांच्या चिठ्ठीचा कोपरा मुडपलेला असतो अशी बोंब झाली, आणि प्राचार्यांनी सोडत माझ्या मशीनकडं दिली. "यंत्राला सोयरेधायरे नसतात," म्हणाले. पहिल्याच वर्षी जळकोटचं केंद्र आलं, मी आणि ती. दुसऱ्या वर्षीही. तिसऱ्याही.

"तीनदा तेच गाव, तोच माणूस! नशीबच की," बायको म्हणाली.

"हाव बाई, जोडी वरूनच येती," म्हातारी म्हणाली.

"वरून नाही. माझ्याकडून."

हे मी बोललो. कसं बोलून गेलो कुणास ठाऊक. मग सगळंच सांगावं लागलं.

मशीनवर कोणताही प्रोग्रॅम सुरू झाला की यंत्रणा त्याला नंबर देते, दवाखान्यातल्या टोकनसारखा. आमच्या मशीनवर हे नंबर ओळीनं जायचे. माझा सोडतीचा प्रोग्रॅम स्वतःला मिळालेला नंबर घ्यायचा आणि त्यावरून पत्ते पिसल्यासारखी नावं पिसायचा. नंबर तोच, तर यादीही तीच. मी आधीच एकेक नंबर घालून पाहिला, आणि ज्यानं आम्हा दोघांना जळकोटला धाडलं तो धरून ठेवला. सोडतीच्या दिवशी सगळ्यांसमोर "मशीन जरा गरम होऊ द्या" म्हणत फालतू प्रोग्रॅम चालू-बंद केले, मधले नंबर संपवले, आणि धरून ठेवलेल्या नंबराची पाळी आली की सोडत लावली. हल्ली काही यंत्रणा नंबर कसेही उलटसुलट देतात, कुणाला अंदाज लागू नये म्हणून. तेव्हा तसं असतं तर मी आजही ब्रह्मचारी असतो.

"जळकोटच का?" बायकोनं विचारलं.

"रस्ता सगळ्यात लांब होता."

"आणि तीन वर्षं?"

"पहिल्या वर्षी बोलायचं धाडस झालं नाही. दुसऱ्याही नाही."

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. "आगं माय! तीन वर्सं नुसता फिरवून राहिला व्हता की तुला!"

बायको हसली नाही. त्या केंद्रावर पंखा धड नव्हता, तिला ऊन बाधायचं. मी पाण्याची बाटली पुढं करायचो आणि परत गप्प. हे तिलाही आठवलं असावं.

"तिसऱ्यांदा जळकोट आलं," ती म्हणाली, "तेव्हा उदगीरचं स्थळ ठरत आलं होतं. मी घरी नाही म्हणून सांगितलं. वाटलं, देवच काहीतरी सांगून राहिलाय."

उदगीरचं मला माहीत नव्हतं.

"पहिल्याच वर्षी सरळ विचारायचं होतं ना!" ती म्हणाली.

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हटलं असतं." मग पर्स मांडीवर सरकवत, "बहुतेक."

"मंग इचार की आता," म्हातारी मला म्हणाली. "बघतोस काय?"

लोहा गाव अजून यायचं होतं. बस खच्चून भरलेली, पत्रा खडखडत होता. "लग्न करशील माझ्याशी?" मी विचारलं, खडखडाटामुळं मोठ्यानं विचारावं लागलं. मागच्या सीटवर कुणीतरी खाकरलं. कंडक्टर तिकीट फाडायचं विसरून बघत राहिला.

"बघते," ती म्हणाली. "घाई नाही ना? तुम्हाला तीन वर्षं लागली."

आठवडा झाला. डबा मिळतोय, भाजीत मीठही बरोबर आहे. सकाळी कॉलेजला निघताना मी दारात उगाच रेंगाळतो. चपलेचा पट्टा नीट करतो.

"अजून ठरलं नाही," ती आतून सांगते.