ब्रेकचा दिवस
फिनाइलचा वास आला की धुळे जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेचा तापलेला व्हरांडा आठवतो. ऐंशीच्या दशकातला एप्रिल होता. तिथल्या रोजंदारी सफाई कामगारांनी युनियन काढली होती आणि गमबूट, हातमोजे व साबण मागणारा अर्ज घेऊन ते आले होते. मी बातमीसाठी हजर होतो. कोणी कायम होऊ नये म्हणून दर एकोणतीस दिवसांनी त्यांना एक दिवस कामावरून कमी करत. त्याला ब्रेक म्हणत. मोकळा दिवस तेवढाच, म्हणून अर्जासाठी त्यांनी नेमका तोच निवडला. नगरपालिकेचे साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आले. अर्जाला त्यांनी हातही लावला नाही. "आज तुमचा ब्रेक आहे. आज तुम्ही कामगारच नाही, मग युनियन कोणाची?" कामगारांतली पुढे उभी असलेली एक अक्का म्हणाली, "मंग सायेब, काल गटारमा काय तुम्ही उतरनात?" साहेबांनी शिपायाला व्हरांडा धुवायला सांगितला, आणि शिपायाने कामगारांच्या अनवाणी पायांवरच फिनाइल ओतले. दुसऱ्या सकाळी त्यांतल्या एकालाही कामावर घेतले नाही. मी बातमीत लिहिले, 'तांत्रिक कारणामुळे अर्ज नाकारण्यात आला.' भाषा संयत आहे म्हणून संपादकांनी पाठ थोपटली, आणि मला बरे वाटले. त्या बरे वाटण्याची आज किळस येते.